हातोडा घेऊन ताडोब्याला

लाकडाच्या आगारात जन्म काढलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात. बोटात मोडलेले सल, आणि किस्से! किस्से तर थप्पीला लावलेल्या लाकडांसारखेच. वरचा एक ओढला की खालचे चार घरंगळत अंगावर येतात.

मी सांगतो, मंडळी हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? माझ्या बहुतेक किश्शांत गाढव मीच आहे. लोकांना वाटतं, बुढा मोठ्या मनाचा आहे, स्वतःवर हसतो. कशाचं मोठं मन अन् कशाचं काय! आपणच आपल्यावर हसलं की लोक पुढचं विचारत नाहीत, एवढीच ती युक्ती.

आजचे सगळे किस्से एकाच सहलीचे. तेव्हा चांद्याला चंद्रपूर कोणी म्हणत नव्हतं. राज्य नुकतंच बदललं होतं, नागपूर सुटून मुंबई आमची राजधानी झाली होती, आणि ताडोब्याचं जंगल नवंनवं नॅशनल पार्क झालं होतं. पौषातल्या रविवारी तिथे तलावाकाठी देवाची जत्रा भरते. पार्क पाहायचं, बाजार फिरायचा, असा बेत ठरवून आम्ही चौघे निघालो.

एक मी, आगारातला बाबू. आलेलं लाकूड मोजायचं आणि रजिस्टरात चढवायचं, हे माझं काम. दुसरा मारोती, आमचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई. तिसरा जोगळेकर, राज्य बदलल्यावर पुण्याहून बदली होऊन आलेला कारकून. आणि चौथा रहमानभाई, ज्याच्या बांबूच्या ट्रकमध्ये आम्ही फुकट बसणार होतो.

पाचवा हातोडा. त्याचं आधी सांगतो, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं.

*

मारोतीचा हातोडा लोखंडी, आणि त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली. जंगलात जाऊन झाड निवडायचं, बुडाशी कुऱ्हाडीनं तळहाताएवढी साल काढायची आणि त्या उघड्या लाकडावर हातोडा ठोकायचा. अक्षरं उमटली की ते झाड तोडीला गेलं समजा. हिवाळ्यात ठेकेदाराचे मजूर येणार, निशाण पाहणार आणि कुऱ्हाड घालणार. बिननिशाणीचं झाड तोडलं तर गुन्हा, निशाणीचं उभं ठेवलं तर जाब! निशाण बुडाशी अशासाठी, की झाड गेलं तरी खुंटावर ते तपासायला सापडावं.

असा हातोडा हरवला की नाकेदाराची नोकरी गेलीच. एरवी तो पेटीत कुलूपबंद असायचा. पण त्या शनिवारी रेंजरसाहेब पेटीची किल्ली खिशात घालून दौऱ्यावर निघून गेले. आता हातोडा ठेवायचा कुठे? मारोतीनं तो पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली, आणि घरात जेवतानाही ती उतरवली नाही.

आम्ही रविवारी पहाटे त्याला बोलवायला गेलो, तर त्याची बायको दारातच तणतणत उभी.

"घेऊन जा भाऊ याले, अन् त्या हातोड्यालेही! सवत आणली असती तं मी भांडली असती तरी. आता या लोखंडाशी काय भांडू?"

*

पौषातली थंडी म्हणजे काय सांगू! ट्रकचं हँडल मारून मारून रहमानभाईला घाम फुटला, तो एकटाच काय तो गरम. जोगळेकरानं दोन स्वेटर, एक कोट, कानाला मफलर आणि पायात दोन-दोन मोजे घातले होते. मी नुसत्या सदऱ्यावर.

"अहो, तुम्हाला वाजत नाही?" त्यानं विचारलं.

"चांद्याच्या माणसाले थंडी?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "अबे, ही काय थंडी आहे! ही तं हवा आहे."

जोगळेकर ड्रायव्हरजवळ बसला आणि मी शान मारायला मागे, उघड्यावर उभा राहिलो. तीन मैल गेलो असू नसू, दात वाजायला लागले. पाच मैलांवर बोटं वळेनाशी झाली. मारोती पिशवी पोटाशी धरून ताडपत्रीत शिरला होता, आणि मला आत घ्यायला तयार नव्हता. "हवा आहे नं बाबू, खा!"

वाटेत पाच-सात घरांचा एक गोंडांचा टोला लागला. रस्त्याच्या कडेला मोहाचं मोठं झाड, त्याच्या बुंध्यात लोखंडी कडी, कडीला बकरी बांधलेली. झाडाखाली शेकोटीजवळ एक साठीची बाई ट्रकची वाट पाहत उभी होती. तिच्या बगलेत देवाला द्यायची कोंबडी आणि खांद्यावर वाकळ. तिचं नाव सोमीबाई.

ती चढली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता वाकळीचं एक टोक माझ्या डोक्यावरून ओढलं. एका अंगाला ती, एका अंगाला मी, मध्ये कोंबडी! असा मी पुढचे दहा मैल काढले.

ट्रक थांबला. जोगळेकर उतरून मागे आला, तर वाकळीतून माझं फक्त नाक बाहेर. मी गडबडून उठलो, आणि सोमीबाई मोठ्यानं म्हणाली, "बस नं बाबू, लाजते काऊन? कोंबडीनं काही म्हणलं काय?"

*

पार्कात पाऊल ठेवल्याबरोबर जोगळेकरानं खिशातून वही काढली आणि मारोतीला विचारलं, "वाघ साधारण कुठे दिसेल?"

मारोती चालता चालता म्हणाला, "तुमाले तो दिसन का नाई, सांगता येत नाई. पण त्याले तुमी मघापासून दिसून राह्यले असान."

जोगळेकरानं वही खिशात घातली आणि तो आमच्या मधोमध चालायला लागला. मग रहमानभाई हळूच मधे आला. मग मीही आलो. माणसं चारच, आणि तिघांना मधे चालायचं होतं! अर्धा मैल आम्ही एकमेकांच्या टाचा तुडवत गेलो, आणि मारोती एकटा पुढे बिडी ओढत.

*

तलावावर जत्रा चांगलीच भरली होती. बाया काठावर भांडी घासत होत्या, माणसं थंड पाण्यात कुडकुडत अंघोळी करत होती. ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत. पण जत्रेच्या दिवशी देव मगरींना सांभाळतो, असा लोकांचा भरवसा.

सकाळच्या वाकळीचा डाग मला धुवायचा होता. आपण जंगलखात्याचे, आपल्याला जनावराची पारख, असं मी जोगळेकराला सांगत होतो, एवढ्यात पाण्यावर मला ती दिसली. काळी, लांब, अर्धी बुडालेली, अंघोळीच्या घाटाकडे सरकत येणारी!

"मगर!" मी बोंब ठोकली. "अबे पळा! मगर!"

काय ती पळापळ! कोणी धोतर तसंच सोडून काठावर, कोणी धोतरासकट चिखलात. एका म्हाताऱ्यानं तर नारळवाल्याच्या गाड्यावर चढून देवाला हाक मारली. मी मात्र काठावर ताठ उभा राहून लोकांना मागं सारत होतो. दोनशे माणसांचे जीव वाचवल्याचं समाधान तोंडावर मावत नव्हतं.

मारोती गुडघाभर पाण्यात शिरला, वाकला, आणि मगरीला एका हातानं ओढून काठावर घेऊन आला. सडका लाकडाचा ओंडका! त्यानं तो माझ्या पायाशी टाकला आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा बोलला:

"दहा साल झाले आगारात लाकडं मोजून राह्यला, अन् बाबूले लाकूड ओळखू येत नाई!"

दोनशे माणसं हसली. सोमीबाईही हसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, आता खरीच मगर यावी आणि मला घेऊन जावी.

*

आता बाजार. तलावापासून वरच्या अंगाला दुकानं मांडली होती. बांगड्या, मुरमुरे, लाल गुलालाचे ढीग, बांबूच्या टोपल्या, सुकी मासोळी, आणि भाजीवाल्यांची एक लांब रांग. मारोती देवाच्या दर्शनाला निघाला. देवाजवळ लोखंड घेऊन कसं जायचं, म्हणून त्यानं पिशवी माझ्या गळ्यात घातली आणि चारदा बजावलं, "उघडू नोको."

आता मला सांगा, उघडू नको म्हटल्यावर कोण थांबतं?

जोगळेकरानं हातोडा कधी पाहिला नव्हता. त्याला दाखवायला म्हणून मी काढला. शेजारीच एक भाजीवाला मोठा कोहळा पुढ्यात घेऊन बसला होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी वाकलो आणि त्या कोहळ्यावर हातोडा हलकेच ठोकला. हिरव्या सालीवर अक्षरं सुरेख उमटली.

जोगळेकर पोट धरून हसला. भाजीवाला हसला नाही. त्यानं दोन्ही हात कोहळ्यावरून काढून घेतले, जसे तव्यावरून काढतो तसे.

"घेऊन जा साहेब," तो म्हणाला.

"अरे, गंमत केली बाबा!"

"नाई साहेब. सरकारचा झाला तो. घेऊन जा."

मी पैसे पुढे केले, तो घेईना. मी कोहळा परत ठेवला, तो मागे सरकला. तेवढ्यात रांगेत कुजबूज गेली. पाहता पाहता कोणी वांग्यांवर पोतं टाकलं, कोणी मिरच्यांवर पदर पसरला. एका बाईनं तर आपल्या मुळ्यांच्या जुड्या मांडीखाली घेतल्या. हातोड्याच्या भीतीनं सगळी भाजी पाच मिनिटांत झाकली गेली!

लोक मला वाट करून देत होते. सकाळपासून मला सगळे हसत होते, आणि आता कोणी हसत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पंधरा शेरांचा कोहळा डोक्यावर घेऊन मी बाजारातून असा फिरलो, जसा काही राजाच! कोपऱ्यात सोमीबाई गुलाल घेत उभी होती. ती माझ्याकडे एकटक पाहत होती.

*

मारोती दर्शन करून आला. त्यानं कोहळा पाहिला, त्यावरची अक्षरं पाहिली, आणि मटकन खाली बसला.

"बाबू, माही नोकरी खाल्ली तू."

"अबे, कोहळा आहे तो!"

"कोहळा असो का माणूस असो. हातोडा लागला तं त्याची नोंद पाह्यजे. यादीत काय लिहू मी? एक सागवान, दोन सागवान, एक कोहळा?"

त्याचं म्हणणं खरं होतं. इथून हा कोहळा कोणाच्या घरी गेला, तिथून बोंब रेंजरसाहेबांपर्यंत पोचली, की खलास. टाकून द्यावा तर कोणीतरी उचलेल. पुरावा तर पंधरा शेरांचा!

शेवटी मारोतीनं चाकू काढला, अक्षरांपुरती साल गोल कापली, इकडे तिकडे पाहिलं, आणि ती साल तोंडात टाकली. कच्च्या कोहळ्याची ती निबर साल! डोळ्यांत पाणी, गालांचे फुगे, आणि मारोती चावून राहिला आहे, चावून राहिला आहे. आम्ही तिघं त्याच्या भोवती आडोसा करून उभे. अर्ध्या तासानं ती घशाखाली उतरली. उरलेल्या कोहळ्याचं काय करायचं ते रहमानभाईनं केलं, एका धाब्यावर देऊन भाजी करून घेतली.

मारोतीनं त्या भाजीला हात लावला नाही. ढेकर देऊन म्हणाला, "माहा वाटा मी अगोदरच घेतला, रहमानभाई."

*

इथपर्यंतचे किस्से मी लग्नात सांगितले, रिटायरमेंटच्या पार्टीत सांगितले, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितले. कोहळ्यावर सगळे हसतात, आणि मी चहा मागवतो. ही थप्पी मी नेहमी इथंच बांधतो. आज खालची दोन लाकडं ओढतो.

परतताना दिवस कलला होता. सोमीबाईला उतरवायला ट्रक तिच्या टोल्याजवळ, त्या मोहाखाली थांबला, आणि रेडिएटर शिट्टी मारायला लागला. रहमानभाई आणि मारोती डबे घेऊन बोडीवर, म्हणजे टोल्याच्या लहान तळ्यावर, पाणी आणायला गेले. ओझं नको म्हणून मारोतीनं पिशवी सीटवर ठेवली. दिवसभरात पहिल्यांदा त्यानं ती मला न बजावता ठेवली.

सोमीबाईनं आम्हाला पाणी दिलं, वाळल्या मोहफुलांचे दोन लाडू दिले. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबू, एक काम आहे. तुमचा तो हातोडा माह्या मोहाले लावून देता काय?"

"कायले?"

"दीर म्हणते, झाड त्याचं. सासऱ्यानं हे झाड माह्या बुढ्याले देल्लं, साऱ्या टोल्याले माहीत आहे. पण बुढा गेला अन् दोन साल झाले, फुलं पडाच्या वक्ती दीर टोपलं घेऊन येऊन बसते. मी एकटी काय भांडू? फुलं नाई तं मी खाऊ काय बरसातीत? आज पाह्यलं नं मी बाजारात. तुमी कोहळ्याले हातोडा लावला अन् कोणी हात नाई लावला. माह्या मोहाले लावा. मंग दीर काय हात लावते!"

जोगळेकर कळवळून म्हणाला, "अहो, लावा की! बिचारीचं काम होऊन जाईल."

जोगळेकराला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. उभ्या झाडाला हातोडा लागला म्हणजे काय, हे त्या अख्ख्या रस्त्यावर त्या क्षणी माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्या निशाण्यांच्या याद्या रोज माझ्याच टेबलावर यायच्या.

पण मी म्हटलं, मोह कोण तोडतो? मोहाला मजूर हात लावत नाहीत, तो पोटाला देणारा. शिवाय यंदा या बाजूला तोडच नाही. असं मी मनाला पटवलं. आणि खरं कारण सांगू? दिवसभर माझी फजिती झाली होती, आणि एक बाई मला साहेब समजून हात जोडत होती. तेवढ्यासाठी!

मी तिचीच कुऱ्हाड घेतली. कडीच्या खाली, अगदी बुडाशी, नियमाप्रमाणे तळहाताएवढी साल काढली. हातोडा ठोकला. असा छान उमटला, की मारोतीलाही जमला नसता.

सोमीबाईनं जत्रेतला गुलाल त्या अक्षरांना लावला, झाडाला हात जोडले, आणि मग माझ्या पाया पडायला वाकली. माझ्या आईच्या वयाची बाई. मी तिला पडू दिलं.

उठताना ती हसत म्हणाली, "आता सरकार माह्या बाजूनं!"

मारोती पाणी घेऊन आला, तेव्हा हातोडा पिशवीत होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

*

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात आगारात आडजात लाकडाचा ट्रक आला. आडजात म्हणजे सागवान सोडून बाकीचं. मी टेप घेऊन मोजत होतो. सात नंबरचा ओंडका मोहाचा निघाला.

"मोह कोणी तोडला बे?" मी हमालाला विचारलं.

"निशाण होतं म्हणे, बाबू."

मी ओंडक्याला फेरी मारली. पलीकडच्या अंगाला लाकडात रुतलेली लोखंडी कडी होती. कडीत दोरीचा तुकडा अजून अडकलेला होता.

त्या दिवशी मी काय केलं, तेही सांगतो. यादीत मोह नव्हता. मी दार लावलं आणि मागच्या यादीत एक ओळ बसवली, माझ्या सुंदर अक्षरात. मारोतीची नोकरी वाचावी म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खुंट तपासायला आलेल्या साहेबाला सगळं बरोबर सापडलं, आणि त्यानं माझ्या रजिस्टराचं कौतुक केलं.

संध्याकाळी मारोती आगारात आला. त्यानं खुंट पाहिला होता. तो ओंडक्यापाशी उकिडवा बसला आणि कडीवरून बोट फिरवलं. मी वाट पाहत होतो, दोन शिव्या दे, एक कानाखाली दे. मला बरं वाटलं असतं.

तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

"कोहळ्याचं खाऊन टाकलं, बाबू," तो म्हणाला. "हे कसं खाऊ?"

*

पौषातला रविवार आला. मी एक नवी घोंगडी विकत घेतली आणि मारोतीला म्हटलं, चल. जोगळेकर आला नाही, रहमानभाईनं ट्रकनं नुसतं पार्कापर्यंत सोडलं. मी ठरवलं होतं, सोमीबाई भेटली की घोंगडी तिच्या हातात ठेवायची आणि सरळ सांगायचं. काय सांगायचं ते वाटभर पाठ करत होतो. रेंजरसाहेब त्याही आठवड्यात दौऱ्यावर होते, त्यामुळे पिशवी मारोतीच्या खांद्याला होतीच.

ती तलावाकाठी भेटली. तीच वाकळ, दुसरी कोंबडी. मला पाहून तिला असा आनंद झाला, की मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"बाबू! किती वाट पाह्यली तुमची! तुमचं निशाण मोठं गुणाचं. त्या साली दिरानं एक फूल नाई उचललं. दुरूनच पाहे अन् निंगून जाये. टोपलेच्या टोपले वेचले मी, बरसात सुखात गेली."

"सोमीबाई," मी म्हणालो, "ते झाड..."

"गेलं नं बाबू. मंगसरात तोडाईवाले आले. चांगले माणसं होते, मोहाले पाह्यलंही नाई त्यायनं, बाजूनंच जाऊन राह्यले होते. मीच धावत गेली. म्हणलं, भाऊ, इकडे या, अगोदर हे पाहून घ्या, माह्या झाडाले सरकारचं निशाण आहे. गवत बाजूले करून दाखवलं. त्यायनं वाकून वाकून पाह्यलं. अन् मंग कुऱ्हाड घातली."

मी घोंगडी घट्ट धरून उभा होतो. मारोती पाण्याकडे तोंड करून उभा होता.

"सोमीबाई, चूक माही आहे," मी म्हणालो. शेवटी म्हणालो.

"हो नं," ती म्हणाली, आणि माझ्या दंडावर हात ठेवला, आई आपल्या लेकराची चूक पोटात घालते तशी. "पण माणूस आहे, होते. तुमी मनाले नोका लावून घेऊ."

मग तिची नजर मारोतीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली, आणि तिचं तोंड उजळलं.

"आणला नं हातोडा? बरं झालं! बोडीजवळ एक मोह आहे, लेकीच्या वाट्याचा. मागच्या खेपेले तुमी लईच बुडाशी मारलं, बाबू, त्यायले नीट दिसलं नाई. औंदा जरा वर मारा. दुरूनच दिसलं पाह्यजे."